पाच भोकांचा कागद

उंब्रज, ता. ४ जून १९४५

ती. भाऊसो दाजींस लालासाहेबाचा शि. सा. न. वि. वि.

परवा सकाळी पूजा आटोपून मी मोटारीचं मागचं चाक काढलं. आमचा पोरगा मानसिंग लढाईत कामी आल्यापासून दोन वर्षं त्याची मोटार विटांवर उभी आहे. मागची दोन्ही चाकं गंजून चिरली, नवी मिळत नाहीत. तुमच्या बंद मोटारीची बसतील का? चाकाच्या तबकडीला ओलं कुंकू फासून कागद दाबला, तो सोबत धाडतो. तांबड्यात पांढरी राहिलेली पाच भोकं नटांची, मधलं मोठं आसाचं.

कुंकू सूनबाईनं, साळूनं कालवलं. विधवेनं कुंकवाला हात लावला म्हणून आमची मोलकरीण धोंडुबाई कुरकुरली. मी म्हणालो, चाकाला कसला विटाळ?

साळूला साताऱ्यात मास्तरणीच्या ट्रेनिंगला घेतलंय. वीस तारखेला हजर व्हायचं. भावकी म्हणते, सून बाहेर धाडलीत तर वाळीत टाकू. मी धाडणार.

आपला,
लालासाहेब

सांगली, ता. ९ जून १९४५

रा. लालासाहेब यांस भाऊसोचे अनेक आशीर्वाद वि. वि.

मी रानात असताना लखोटा आला. तुमच्या रंगूअक्कानं फोडला. तिला कुठं वाचता येतंय! देवीचं यंत्र समजून तिनं कागद देव्हाऱ्यात मांडला, फूल वाहिलं. आता हलवू देईना. शेवटी चाकच घरंगळत देव्हाऱ्यापुढं नेलं. पाचही भोकं जुळली, मधलंही. दोन्ही चाकं उद्या रेल्वेनं कराडला धाडतो. बसवल्यावर हातानं फिरवा, ब्रेकच्या ड्रमला घासतात का बघा.

पण भावकीशी वैर नको. पोरीला पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं गुपचूप धाडा. तुमचा हट्ट लय जुना, असं अक्काही म्हणते.

तुमचा,
भाऊसो

सातारा, ता. २० जून १९४५

ती. दाजींस शि. सा. न. वि. वि.

चाकं बसली, कुठंही घासत नाहीत.

गुपचूप जायला साळूनं चोरी केलेली नाही. चावडीवर भावकी पानतंबाखूला जमल्यावरच निघालो. मानसिंगानं शिकवलं होतं तशी मोटार मीच चालवली. साळू पुढं, माझ्याशेजारी. चावडीसमोर मुद्दाम थांबलो, उतरून चारी चाकांचे नट एकेक तपासले. भावकीतल्या हंबीररावांनी विचारलं, काय बिघडलं का? मी म्हणालो, काय न्हाई, समदं नीट बसलंय.

अक्काला सांगा, त्या कागदावरचं कुंकू साळूच्या हातचं आहे. कागद काढायचा तर अक्कानं आपल्या हातानं काढावा.

भावकीचा लोभ चावडीवर सोडून आलो, तुमचा तेवढा राहू द्या. साळूनं आज हजेरीत सही केली.

आपला,
लालासाहेब