भुरीचं तांब्याभर दूध

प्रिय धाकट्या,

तुझी लेक मजेत आहे. सुट्टीत आत्याकडे राहून पोर वाळेल अशी तुला धास्ती होती. उलट गाल वर आलेत. शेण बघून नाक मुरडणारी ही बया आता वासरांचे मुके घेत फिरते. आणि सध्या ती नुसती पाहुणी नाही, गुप्तहेर आहे. आपल्या गोठ्यात चोरी होत होती.

झालं असं, की रोज संध्याकाळी भुरीचं दूध तांब्याभर कमी भरायला लागलं. बाकीच्या गाई व्यवस्थित. आधी मी दूध काढायच्या मशीनवर खापर फोडलं, नळ्या धुऊन काढल्या. मग वासरावर संशय घेतला, त्याचं दावं आखूड केलं. जनावरांचे डॉक्टर कास चाचपून म्हणाले, गाय पान्हा चोरतेय, जरा माया करा. आणखी किती माया करू? बाबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून गोठा एकटी ओढतेय, माझ्या कंबरेवर कोण माया करणार? म्हणून तर तू गाई विकायला व्यापारी शोधलास आणि मी हो म्हटलं. बाबांना सांगितलं तेव्हा ते मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे बघत बसले. हाताच्या व्यायामाला दिलेला रबरी चेंडू त्यांनी कधीच भिरकावलाय. म्हणे, मी काय कुक्कुलं बाळ आहे?

तुझ्या लेकीचा संशय मांजरावर होता, कारण ते दिवसेंदिवस फुगत चाललंय. पण मांजर धार काढणार कशी, इथं तपास अडला. मग तिनं दुपारी आम्ही लवंडल्यावर गोठ्याच्या उंबऱ्याशी माझी चांगली चाळलेली कणीक पसरून ठेवली. उठून बघतो तर ठसे. एक पाऊल स्वच्छ उमटलेलं, दुसऱ्याच्या जागी नुसती ओढल्याची रेघ. पुन्हा पाऊल, पुन्हा रेघ. चोर पोतं ओढत नेतो, असा बाईसाहेबांचा निकाल. मी शाबासकी दिली आणि केरसुणी घेऊन सगळं झाडून टाकलं. तसली रेघ मी रोज सकाळी अंगणातून झाडते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला पुस्तक देऊन बसवलं आणि गोठ्याच्या मागच्या खिडकीतून पाहिलं. बाबा स्टुलावर बसले होते, कपाळ भुरीच्या पोटाला टेकवून. डावा हात सडावर, आणि उजव्या हातानं त्याची बोटं एकेक करून मिटवत होते. मग उजवा काढून घ्यायचा आणि डाव्याला एकट्याला आवळायला लावायचं. एक धार तांब्यात, दोन विजारीवर. हाताला शिव्या चालल्या होत्या, लहानपणी तुला द्यायचे त्याच. जरा वेडावाकडा हात लागला की लाथ झाडणारी आपली भुरी, पण कान हलवत नव्हती. तांब्या कसाबसा भरल्यावर त्यांनी तो वासराला आणि मांजराला वाटून टाकला, पुरावा नष्ट. मी खिडकीखाली बसून रडले रे. दुःखानं नाही.

फोन सोडून पत्र का लिहितेय, ते आता सांगते. फोन बाबांच्या उशाशी असतो, आणि मला कळलंय हे त्यांना कळता कामा नये. जमल्याशिवाय ते कुणाला दाखवायचे नाहीत. गाई गेल्या तर तो हात पुन्हा मांडीवर जाऊन पडेल आणि उठायचा नाही. म्हणून मी परस्परच व्यापाऱ्याला येऊ नका असं कळवलंय. तुला विचारलं नाही. रागावशील, माहीत आहे. माझ्या कंबरेचं माझं मी बघेन, मदतीला एखादा गडी ठेवू. लेकीला न्यायला येशील तेव्हा माझ्याशी पोटभर भांड. फक्त दुपारी जेवण झालं की घोरायचं सोंग घेऊन पडून राहा, आणि बाबा उठल्याची चाहूल लागली तरी डोळे उघडू नकोस.

तुझीच भांडखोर,
ताई