तू पडावात चढली नाहीस तो दिवस

आये, काल दुपारी घरी पोचलो. एस.टी.तून उतरून चालत येताना बांधावर दोनदा ठेचकाळलो. एके काळी ही वाट मी डोळे मिटून चाललो असतो. वहिनीने पाय धुवायला पाणी दिलं, पान वाढलं. बांगड्याचं सार होतं. मी बोटांनी काटे चाचपत बसलो, तेव्हा तिने माझ्या ताटातला बांगडा उचलला, काटे काढले आणि तुकडे भाताच्या कडेला ठेवले. मी छप्पन वर्षांचा, ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लाज वाटली, आणि बरंही वाटलं. "भावोजी, डोळे दाखवलास?" तिने विचारलं. "दाखवले. काय नाय, चष्म्याचो नंबर वाढलो," मी म्हणालो.

खोटं बोललो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. छापखान्यात खिळे जुळवताना 'घ'च्या जागी 'ध' बसवायला लागलो. एकदा नाही, एका पानात सात वेळा. फोरमनने खुणा केलेलं प्रूफ माझ्यापुढे ठेवलं आणि मान खाली घालून निघून गेला. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. मुलाने मग इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली. मी मुलाला म्हणालो, आधी गावी जाऊन येतो, घराची कौलं परतायची आहेत. ती दादाने यंदाच परतून घेतली आहेत, हे मला पत्राने कळलेलं होतं.

जेवून तुझ्या रांधपघरात, चुलीजवळ बसलो आणि तो मालवणच्या बंदरावरचा दिवस आठवला. तुला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला न्यायला मी रजा काढून आलेलो. बोट लांब पाण्यात उभी आहे, किनाऱ्यावरून पडाव माणसं भरून तिच्याकडे चाललेत. दादाने तुझी ट्रंक डोक्यावरून आणलीय, वहिनीही तुला पोचवायला आलीय. तू नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरतेस, पडावाच्या काठाला हात लावतेस आणि थांबतेस. "तू जा रे बाबा. गाय व्यायाक इली हा. मी येवचंय नाय." गाय व्यायला अजून महिना होता, हे मलाही ठाऊक होतं. मी समजावलं, मग चिडलो. पडावाचा तांडेल घाई करत होता, पडावातली माणसं आपल्याकडे बघत होती. शेवटी मी ओरडलो, "मग बस आंधळी होवन कोपऱ्यात." तू शांतपणे म्हणालीस, "बसतंय. तू सांभाळून जा." पडाव निघाला. मी मागे वळून पाहिलं तेव्हा तू हात हलवत होतीस, पण आमच्याकडे नाही, शेजारून चाललेल्या दुसऱ्याच पडावाकडे.

वर्षभर मी आलो नाही. मे महिन्यात आलो तेव्हा तुला उजेड आणि काळोख यापलीकडे काही उरलं नव्हतं. तरी तू रांधत होतीस. मिठाची बरणी तिसरी, हळदीची तिच्या डावीकडे. कोळीण आली की पाटीत हात घालून बांगडा ताजा की शिळा ते सांगायचीस, आणि ती तुझ्याशी कधी वाद घालत नसे. माझा पाय ओटीवर पडला तशी आतून म्हणालीस, "इलंस?" मग जवळ येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवलास. हाताला चुलीच्या राखेचा वास होता. "बारीक झालंस रे." मी बंदरावरच्या शब्दांची माफी मागायची ठरवून आलो होतो. तू समोर कापा फणस ठेवलास, आणि मी खात राहिलो. पुढच्या पावसाळ्यात तू गेलीस. त्याला आता बारा वर्षं झाली.

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की माझी आई हट्टी होती. काल वहिनीलाही तेच म्हणालो. ती भांडी घासायची थांबली. "हट्टी नाय हां, भावोजी. तुमी तेव्हा पडावात सामान लावी होतास. आयेन माझो हात असो धरलो की वळ उठले. माका म्हणाली, ते डोळ्यात सुरी घालतले, माका भय वाटता. पण झिलाक सांगू नको." वहिनीने मला खरोखरच सांगितलं नाही. म्हणाली, आपण सांगितलं असतं तर तुम्ही ओरडला नसता, कदाचित धीर देऊन नेलंही असतं. ते तिच्या मनाला अजून लागून आहे.

आये, तू रांधपघरात शिरलेला साप काठीने उचलून कुंपणापलीकडे टाकलेला मी पाहिलाय. बाबा गेले तेव्हा आम्हा दोघा भावांना शेतावर नेऊन म्हणाली होतीस, रडायचं ते इथे रडा, घरी नको. तुला भीती वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी विचारलंही नाही. नुसतं 'भय वाटता काय गो?' एवढं विचारायला काय लागलं असतं?

वहिनीने हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. "तुमचा दुखणा चष्म्याचा नाय," ती म्हणाली. मग मी तारीख सांगितली, पुढचा सोमवार. ती म्हणाली, "मी येतंय तुमच्या वांगडा. आयेक घेवन परत इलंय, तुमका परत येवक देवचंय नाय." दादाने घर सांभाळायचं कबूल केलंय. परवाच्या गाडीने निघतो आहोत.

मुंबईहून मी पाठवलेली पत्रं पोस्टमन ओटीवर बसून तुला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि शेजारपाजारचेही ऐकायचे. म्हणून मी दर वेळी तेवढंच लिहीत आलो, तब्येत ठीक आहे, काळजी नसावी. हे पत्र पेटीत पडणार नाही, मोठ्याने वाचणारं कुणी नाही, म्हणून लिहितो. माका भय वाटता, आये. फार भय वाटता.