साहेबाच्या चबुतऱ्यावरची पहिली पत्रिका

मँगनीज खाण, ता. तुमसर
९ एप्रिल १९७९

ती. ईश्वरमामा,

तुमच्या गुडघ्यांना आणि मामीच्या जिभेला आराम असावा अशी इच्छा धरून भाचा जागेश्वर इथूनच तुमच्या पाया पडतो. इकडे सर्व ठीक, म्हणजे काल दुपारपर्यंत ठीक होतं.

आमची खाणवस्ती तुम्ही पाहिली आहे. गोऱ्या कंपनीनं वसवली. कंपनी गेली, तिच्या खुणा राहिल्या. साहेबाचा बंगला (तिथं आता रेशनचे गहू असतात), मी वाजवतो तो भोंगा, आणि मोहाच्या झाडाखालचा साहेबाचा चबुतरा. साहेब वारला आणि इथंच पुरला, हे मला बापानं सांगितलं. त्याला कोणी सांगितलं, ते विचारायचं राहून गेलं. दगडावर इंग्रजी होतं म्हणतात, पण शेंदराचे थर चढल्यावर वाचायचा प्रश्नच मिटला. साहेबबाबा नवसाला पावतो, फक्त बिस्किटाचा पुडा आणि पेटवलेली सिगारेट लागते. आमच्या वच्छलाला कोंढ्याचं स्थळ आलं ते त्याच्याच कृपेनं, म्हणून काल लग्नाची पहिली पत्रिका त्याच्यापुढं ठेवायला मी आणि रुखमा गेलो.

तिथं एक गोरी बाई, सोबत नागपूरचा दुभाषी. बाई साहेबाची नात निघाली! मी म्हटलं, घरचंच माणूस भेटलं, आणि नारळ तिच्याच हाती दिला. तुमचे आजोबा इथं आहेत म्हणून हात जोडून दाखवलं, तर ती गोंधळली. दुभाष्याकरवी कळलं, आजोबा विलायतेला परतले होते, म्हातारे होऊन तिकडंच वारले, तिनं स्वतः त्यांना माती दिली. मग तिनं रुमाल ओला करून शेंदूर पुसला (रुखमा धावली होती, मी धरली). खाली एक नाव, आणि नावाखाली नाल कोरलेली. चबुतरा साहेबाच्या घोड्याचा, त्याचं नाव बाईनं लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकलेलं! बाई आधी हसली, मग दगडाला गाल लावून रडली.

रुखमा म्हणाली, “हासून काहून राहिली थे? अन् मंग रडते काहून?” मग माझ्याकडं वळली, “आपल्या पोरीले स्थळ कोनं आनलं? पयली पत्रिका कोनाले द्याची?”

मामा, माझं डोकंच चालेना. आपण इथं उदबत्ती लावत होतो तेव्हा साहेब तिकडं जिवंत, चहा पीत बसलेला. मग सिगारेट कोण ओढत होतं? पत्रिकेवर ‘श्री साहेबबाबा प्रसन्न’ छापून झालं आहे. त्यात व्याह्यांपाशी मी बाबाची इतकी थोरवी गायली की रविवारी ते दर्शनाला येणार आहेत. घोड्यानं जुळवलेली सोयरीक म्हणून त्यांनी पाय मागं घेतला तर? मला पोरीच्या तोंडाकडं बघवत नाही. याच विचारात आज दुपारचा भोंगा मी सकाळीच वाजवला आणि अर्धे मजूर जेवायला घरी गेले.

तुमचा,
जागेश्वर

ता. क. : कोंढ्याला यातलं अवाक्षर कळू देऊ नका.

पुन्हा ता. क. : वरचं रद्द. व्याही धनीराम आजच येऊन गेले. दगडावरची नाल त्यांनीच पाहिली आणि मला सगळं सांगावं लागलं. ते म्हणाले, “घोडाच ना? आमच्या घरी त पयली पत्रिका बैलाच्या कोठ्यातच ठेवतो!” आणि पत्रिका स्वतःच्या हातानं चबुतऱ्यावर ठेवून गेले.

मुख्य काम राहिलंच. लग्नाला येताना अड्याळच्या बाजारातून चांगला हरभरा आणा, भिजवायला. रुखमानं कालपासून घास घेतलेला नाही. म्हणते, “बिस्किटं-सिगारेटी दाखवून इतकी वर्षं बिचाऱ्या जनावराले उपाशी ठेवलं, तरी त्यानं आपल्या पोरीचं काम केलं.”