झेंडूचा हार आणि तडकलेली नळी

नाशिक,
२ नोव्हेंबर २००४

ती. दादांना,

मनीचा नमस्कार. आईलाही सांगा, आणि तिच्या गुडघ्यांनाही. हल्ली ते तिच्यापेक्षा जास्त बोलतात असं वहिनी म्हणत होती.

हे पत्र लहानूभाऊंच्या फुलांच्या टेम्पोतून जानोरीला पाठवते आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "हां, हां, बरं हाय" म्हणता आणि रिसीव्हर वहिनीच्या हातात देता. तेव्हा चष्मा लावा आणि स्वतः वाचा. वहिनीकडून वाचून घेऊ नका.

मी इथे बरी आहे. खोटं कशाला लिहू, बरी नाही. खोलीवर पाणी येत नाही, लाइट मनाला येईल तेव्हा जाते, आणि आमचे सर मला पाहिलं की कपाळाला आठ्या घालतात. जेवण मात्र वेळेवर करते, आईला एवढं सांगा.

तुमचा निरोप मिळाला. "भाऊबीजेला येताना तो दिवा घेऊन ये, साऱ्या मार्केटला सांगून ठेवलंय, माझी पोर धुराड्याच्या आचेवर दिवा लावती." दादा, असं आधी कुणी सांगतं का? बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण तुम्हीच मला शिकवलीत ना?

माझं काम तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही, कारण तुम्ही कधी नीट ऐकलं नाहीत. आज ऐका. चुनखडी आणि कोबाल्टची पूड एकत्र खलायची, दाबून त्याच्या काळ्या वड्या करायच्या आणि भट्टीत दिवसचे दिवस भाजायच्या. अशा वडीची एक बाजू तापवली, दुसरी गार ठेवली, की तिच्यातून वीज वाहते. थोडीच वाहते, पण फुकट जाणाऱ्या आचेतून वाहते. एरवीचे धातू एवढ्या आचेत हवा लागून खराब होतात. माझी वडी मुळात हवेतच भाजलेली, म्हणून ती टिकते.

सिन्नरच्या एका फाउंड्रीचे मालक त्यांच्या धुराड्यावर या वड्यांची पट्टी बसवू देणार होते, तिच्यावरच तो दिवा लागला असता. धुराडं गार असतानाच ती बसवता येते, आणि त्यांची भट्टी वर्षातून एकदाच विझते, दिवाळीत. माझी फेलोशिप मार्चमध्ये संपते. म्हणजे ही दिवाळी हुकली की सगळंच हुकलं.

ती हुकली, दादा. भट्टीतून आरपार जाणारी, वड्या भाजण्याची चिनीमातीसारखी नळी तडकली आणि आतल्या सगळ्या वड्यांचा चुरा झाला. नवी नळी मागवून पुन्हा तेवढ्या वड्या करेपर्यंत होळी येईल. सरांना मी सांगितलं की लाइट गेली-आली, त्यात नळी गेली. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी भट्टी चालू ठेवून फिरायला जातेस? मुलींना भट्टी द्यायलाच नको होती." मी फिरायला नाही, सिन्नरला धुराड्याचं माप घ्यायला गेले होते. पण गप्प बसले. आतल्या आत जळत राहिले आणि गप्प बसले.

कारण लाइट गेलीच नव्हती.

खंडेनवमीला तुम्ही येऊन गेलात हे मला सहादूमामांनी, आमच्या शिपायांनी, दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते रडत होते. तुम्हाला आत सोडलं हे सरांना कळलं तर त्यांची नोकरी जाईल. म्हणाले, "मोतीरामदादांनी मळ्यातला पंप, कुदळी, सगळं पुजलं, अन् म्हनाले, एक हत्यार ऱ्हायलं." दसऱ्याच्या आदल्या दिवशी, जेव्हा झेंडूवाल्याला घोटभर पाणी प्यायला सवड नसते, तेव्हा तुम्ही बाजार सोडून सगळ्यांत मोठा हार घेऊन माझ्या भट्टीकडे आलात. आत विटांचा जाड थर असल्यामुळे ती बाहेरून कोमटच लागते. तुम्हाला वाटलं असेल, गारच आहे. बाहेर आलेल्या पांढऱ्या नळीवर तुम्ही तांब्यातलं पाणी ओतलंत, पंप धुता तसं. मग टणकन आवाज झाला. सहादूमामा दचकले तर तुम्ही म्हणालात, "भ्यायचं काय त्यात? शकुन हाय ह्यो. पोरीच्या कामाला देवानं होकार दिला."

शकुन! दादा, मला इतका राग आला की हातातला चिमटा मी भिंतीवर फेकला. आजही येतो. कुणाला विचारायचं तरी! घरी आल्यावर तोंडावर ओरडायचं म्हणून किती वाक्यं जुळवली.

पण तीन वर्षं तुम्ही तिला चूल म्हणालात. पाहुणे आले की, "आमची मनी कालेजात जाऊन चूल पेटवती." मी हसायचे आणि मोरीत जाऊन रडायचे. ज्या दिवशी तुम्ही तिला हत्यार मानलंत, त्याच दिवशी ती मोडलीत. आता ओरडू कशी? आणि न ओरडता राहू कशी?

मी भाऊबीजेला येईन, दिवा नसेल. मार्केटमध्ये कुणी विचारलं तर लाजू नका, थापाही मारू नका. पोरीचं काम चालू आहे, एवढंच म्हणा. "काम" म्हणा, दादा. चूल म्हणू नका. मार्चपर्यंत जेवढ्या वड्या होतील तेवढ्या मी करणार आहे, मग सर काही म्हणोत.

सर रोज सांगतात, तो वाळलेला हार भट्टीवरून काढ. काढलेला नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी जिथे असेन, जी भट्टी माझी असेल, तिथे या. हार आणा. तांब्या घरी ठेवा.

तुमची,
मनी