तिच्याशी बोलतं कोण?

गुरुजी,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि मी आज सकाळपासून तुमच्यावर चिडलेली आहे. गेलेल्या माणसावर चिडणं शोभत नाही, हे मला कळतं. पण तुम्ही होतात तेव्हा चिडायची सोय नव्हती, त्यामुळे हे काम मागे राहून गेलं.

भाषा भिंतीसारखी बांधायची असते, असं तुम्ही आम्हाला शिकवलंत. आधी वर्ण, मग शब्द, शब्दांची रूपं, आणि पुढे कधीतरी, तुमची परवानगी असेल तर, वाक्य. सकाळी सहाला तुमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर आम्ही पाच मुली डुलत डुलत संस्कृतची रूपं म्हणायचो. मागे मोरीत काकू तुमच्या तान्ह्या नातवाला पायांवर घेऊन अंघोळ घालत असायच्या. "काय झालं गा माह्या राजा? पानी गरम हाय का?" एवढं विचारून त्या चक्क थांबायच्या, समोरून उत्तर येणार असल्यासारख्या. आणि ते सहा महिन्यांचं पोर आपली पाळी आल्यावर "आंऽऽ" करायचं. "अस्सं का! मंग सांगाचं ना मले!" असं म्हणून काकू पुढचा तांब्या ओतायच्या. त्या घरात दोन वर्ग भरत होते, गुरुजी, आणि आम्ही चुकीच्या वर्गात बसलो होतो. आमचा राम सातव्या विभक्तीला पोचेपर्यंत तो नातू शेजारच्या पोरांशी भांडायलाही लागला होता. त्याला कोणी एक रूप पाठ करायला लावलं नव्हतं. हे तुम्हाला रोज ऐकू येत होतं. तुम्ही मधलं दार लावून घ्यायचात.

मी दहा वर्षांची होते. एकदा न राहवून म्हणाले, "गुरुजी, मले नाही समजलं." तुम्ही पुस्तकातून मानही वर केली नाहीत. "नीट बोलता येत नसेल, तर बोलू नकोस." त्या दिवशी वर्ग सुटेपर्यंत मी तोंड उघडलं नाही, आणि काय समजलं नव्हतं तेही कोणी विचारलं नाही. घरी आई म्हणाली, "काहून वं, अशी गप्प गप्प?" मी तिला अगदी शुद्ध उत्तर दिलं. ती थोडी बिचकली, मग कौतुकानं हसली. पुढे ती माझ्याशी जपून बोलायला लागली, पाहुण्यांशी बोलतात तशी. वर्षअखेरीला मी पहिली आले म्हणून तुम्ही मला शाईचं पेन दिलंत. आईनं ते देवाजवळ ठेवलं होतं.

आता माझ्या नातीचं ऐका. पोरगी दोन वर्षांची आहे. लेक-जावई नोकरीला जातात, म्हणून हुडकेश्वरहून एक मावशी दिवसभर तिच्याकडे येतात. या बाई बोलायच्या म्हणजे काय, कूलरमध्ये पाणी भरतानासुद्धा रेडिओ सुरू. "पाह्य वं माय, पानी भरून रायलो आपण! पाय भिजले का वं तुये?" पोरगी कूलरच्या जाळीला तोंड लावून उत्तर द्यायची आणि स्वतःचाच थरथरणारा आवाज ऐकून हसायची. एक दिवस बाप कामाला गेल्यावर म्हणाली, "बाबा जाला." या घरात सगळे 'गेला' म्हणतात, 'जाला' कोणी म्हणत नाही. तिनं तो कुठून ऐकलाच नव्हता. आला, झाला, पडला ऐकून ऐकून तिनं आपला नियम शोधला आणि तो लावून मोकळी झाली, तोंडात अंगठा असताना. तुमच्याकडे मला त्याला सहा वर्षं लागली, गुरुजी.

मग तिनं पहिलं सबंध वाक्य म्हटलं. "मले पानी दे." लेकीनं टाळ्या वाजवल्या. मी उठले, आत गेले आणि मावशींना म्हणाले, "नीट बोलता येत नसेल, तर बोलू नका." तुमचंच वाक्य, जसंच्या तसं. शेवट तेवढा आदरार्थी केला.

"मंग मी बोलूच नोको का, बाई?"

मी त्यांच्या हातात चित्रांची कार्डं दिली. त्या दिवसापासून घरात फक्त कूलर बोलतो. दीड महिना झाला. पोरगी आता बोटानं दाखवते. पाणी हवं असलं की माठाकडे बोट.

आज सकाळी धंतोलीतल्या दवाखान्यात तिला दाखवलं. कान उत्तम आहेत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभर हिच्याशी कोण बोलतं?" मी सांगितलं की रोज श्लोक म्हणून घेते, कार्डं दाखवते. त्या म्हणाल्या, "ते चांगलंच आहे हो. पण तिच्याशी बोलतं कोण?" लेक परतताना रिक्षात एक शब्द बोलली नाही. तीही माझ्याच हाताखाली शिकलेली.

दुपारी मावशी कूलरमध्ये पाइप धरून उभ्या होत्या. मी म्हणाले, "मावशी, तिच्याशी बोलत जा."

"शुद्ध बोलू का कसं?"

"तुम्ही बोलता तसंच."

"मंग बंद काहून केलं होतं जी?"

मी पदर सारखा केला. त्यांनी पाइप कूलरमध्ये सोडला आणि पोरीपुढे वाकल्या. "काय वं माय, रुसली का माह्यावर?" आणि काकूंसारख्याच थांबल्या. पोरगी बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग जाळीजवळ जाऊन हळूच म्हणाली, "आऽऽ."

"अस्सं का!" मावशी म्हणाल्या.

शब्द अजून आलेला नाही. येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. हे पत्र मी तुमच्याच पेनानं लिहिलं आहे आणि ते पेनासोबत खणातच राहील. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. 'माझं चुकलं' हे मी मावशींना अजून म्हटलेलं नाही. दुपारपासून दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन आले. तुमच्या तोंडून ते वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. आणि न ऐकलेलं बोलणं माझ्या नातीला जमतं, मला अजून जमत नाही.