करकरणारं सरपण

१२ ऑक्टोबर
शिलागिऱ्यात पोचलो. टेल्शायहून दोन बस बदलल्या, शेवटी दूधवाल्याच्या गाडीतून आलो. गाव झकास आहे, सगळीकडे पाइनचा वास. यंदा हिवाळ्यात वीज पुरणार नाही असं जो तो म्हणतो, म्हणून लोकांनी हीटर बाजूला सारून जुन्या भट्ट्या साफ करून घेतल्यात. सरपण फोडायला माणूस मिळेना, म्हणून मला बोलावलं. उतरलोय अपोलोनिया मावशीकडे. विधवा बाई, तोंडाने फटकळ. मला बघून म्हणाली, "टेल्शायकडचा, म्हणजे झेमायती का तू? म्हणजे डोकं लाकडाचं. सरपण कमी पडलं तर तेही फोडू." मग बटाट्याची धिरडी वाढली, वर मलई आणि तळलेल्या चरबीचे तुकडे. झोपायला भट्टीमागचा उबदार ओटा दिला. माझ्या आईच्या घरीही इतकी ऊब नसते.

१९ ऑक्टोबर
बर्चचं लाकूड सगळं ओलं आहे. यंदा तोडलेलं यंदा जळत नाही, नुसतं फसफसतं. दोन वर्षं थप्पीत वाळावं लागतं, आणि थांबायला वेळ कुणाला आहे? शेजारचा विन्सास रोज कुंपणाशी येऊन विचारतो, मी लाकूड विकतो की पाणी.
दलदलीच्या वळणावर एक पाइन उभ्या उभ्या वाळलंय. साल गळून हाडासारखं पांढरं झालंय. असलं झाड आजवर कुणी तोडलं कसं नाही?

२० ऑक्टोबर
तोडलं. करवत लावायच्या आधी करकरत होतं. वारा नव्हता. म्हटलं, जुनं झाड आहे, करकरणारच. खडखडीत वाळलेलं निघालं. फोडून घरोघरच्या थप्प्यांत रचलं. विन्साससुद्धा खूश. मावशीने मात्र एक ढलपी नखाने टोकरली, वास घेतला आणि विचारलं, झाड करकरत होतं का. मी नाही म्हणालो. तिने ढलपी परत थप्पीवर ठेवली.

७ नोव्हेंबर
आज दुपारी वीज गेली ती गेलीच. सगळ्या गावाने भट्ट्या पेटवल्या. पांढरं लाकूड झटकन पेट घेतं, पण ऊब येत नाही. आत जाळ फुरफुरतोय आणि भट्टीवर हात ठेवला तर विटा गार. आतून करकर ऐकू येते. मावशी म्हणाली धुराडं तुंबलं असेल. मी चढून पाहिलं. काजळीचा कणही नव्हता.

१० नोव्हेंबर
विन्सासला आज पुरलं. परवा सकाळी भट्टीवरच्या ओट्यावर सापडला, अंगावर दोन रजया, भुवयांवर हिम. खाली जाळ चालूच होता.
दफनानंतर म्हाताऱ्यांनी थप्प्या उपसून पांढऱ्या ढलप्या वेगळ्या काढल्या. मग मावशी सगळ्यांदेखत बोलली. करकरणारं झाड इकडे कुणी तोडत नाही. त्यात कुणाचातरी जीव पाप फेडत उभा असतो, झाड आपणहून पडेपर्यंत. मध्येच तोडलं की त्याला जागा उरत नाही, मग तो उबेला येतो. तिने मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो.
कुणी हात उगारला नाही. शिवीही दिली नाही. एकेक जण घरी गेला.

१३ नोव्हेंबर
सगळं पांढरं सरपण दलदलीत टाकून आलो. एकट्याने. ढकलगाडीला कुणी हात लावला नाही. शेवटच्या फेरीला डावा गुडघा करकरला.
घरात पाऊल टाकलं आणि भट्टीतला जाळ विझला. मावशी उठली आणि माझी पिशवी पायरीवर नेऊन ठेवली.

१४ नोव्हेंबर
गावात ऊब परत आली म्हणतात. फक्त मी शिरतो तिथे जाळ विझतो. तीन घरांतून हाकललं. विन्सासच्या बायकोने बादलीभर पाणी अंगावर ओतलं. त्याचा बर्फ झाला. मला गार लागलं नाही.
खांदाही करकरतो.

१६ नोव्हेंबर
मावशीने खिडकी बोटभर उघडली. मी सगळं सांगितलं. करकरत होतं, मी ऐकलं होतं, आता आत घे. तीही रडत होती. म्हणाली, "पेटवायच्या आधी बोलला असतास तर लाकूड बुंध्यापाशी परत ठेवून आलो असतो, पोरा. आता तो तुझ्यात शिरलाय. दलदलीत जा आणि उभा राहा. पडशील तेव्हा दोघंही सुटाल."
खिडकी लावली.

१७ नोव्हेंबर
नाही गेलो. वीस वर्षांचा आहे मी. झाडासारखा उभा राहू? घरी चाललोय. एक गाडी थांबली, मी बसलो, इंजिन बंद पडलं. ड्रायव्हरने लाथ मारून उतरवलं. बरोबरच केलं.

२२ नोव्हेंबर
बोटं वाकत नाहीत. भूक नाही. आज दलदलीकडे परतायचं ठरवलं — पाय वळत नाहीत. मी थांबतो, ते चालतात. मी आईच्या उबेची आठवण काढत होतो — त्यानेही ऐकली —

तारीख माहीत नाही
टेल्शाय. आमची गल्ली. धुराडं चालू. आई माझं पाऊल ओळखते. कोण म्हणून विचारत नाही, सरळ उघडते —
पायऱ्या चढलो. मी नाही — पाय —
हे पान फटीतून आत सारतो. आई, आधी वाच. मी हाक मारली तरी — रडलो तरी उघडू नकोस —
कडी वाजली. आई नको — उघड