उभ्याने पाहिलेली फायनल

मडगाव, २ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि बाबांनी आणलेलं यंत्र तुम्ही कानाला लावत नाही. म्हणून तुमची नात या जमान्यात पोस्टाची पाकिटं विकत घेते. फुटबॉल क्लबातल्या मुली हसतात. हसू देत.

बातमी अशी, की यंदा कपाच्या मॅचेस मला दिल्यात. एक नंबरची गोलकीपर वेदिका, कोल्हापूरची. दर आठवड्याच्या लीगला ती खेळते, मी बाकावर. पण कपात हरलं की थेट घरी, आणि तिथे दुसऱ्या गोलकीपरला उतरवायची पद्धत आहे. पहिली फेरी १-० ने काढली, दुसरी २-१ ने. त्या एका गोलाबद्दल काही लिहू नका, माझ्याच हातातून सुटला. सोळा मार्चला इथेच फायनल आहे. तिथवर मी पोचणार म्हणजे पोचणार.

सुटलेल्या गोलासकट माया असू द्या.

तुमची,
ऋतिका


लांजा, ९ फेब्रुवारी

चि. ऋतिका हिस अनेक आशीर्वाद.

ते यंत्र कपाटात आहे, तिथेच बरं. लावलं की पंखासुद्धा गिरणीसारखा ओरडतो. कागदावरचे काळे डाग ओल्या काजूंचे, सोलता सोलता लिहितोय.

गोल डावीकडून सुटला असणार. पोफळीच्या कॉलनीत माझे पॉवरहाऊसचे रबरी हातमोजे कोपरापर्यंत चढवून उभी राहायचीस, तेव्हापासून तुझी डावी बाजू कच्ची. रोज पन्नास झेपा डावीकडे मार. कंटाळा आला तर साठ मार.

फायनलला पोचलीस की मी येणार. तुझा बाप सुजय कुरकुर करील, पण गाडी काढील.

तब्येतीस जप, चिडकेपणा थोडा कमी कर. माझ्यावर गेलीस, इलाज नाही.

तुझा आजोबा,
गंगाराम


मडगाव, २८ फेब्रुवारी

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

मध्ये तिसरी फेरी काढली आणि परवा सेमीफायनल जिंकलो. पेनल्टीवर गेली होती. मी दोन अडवल्या, दोन्ही डावीकडे! पन्नास झेपा पावल्या.

आता दुसरी बातमी. काल गुरुप्रसाद सरांनी, म्हणजे आमच्या कोचनी, बोलावून सांगितलं की फायनलला वेदिका खेळेल. मोठी मॅच आहे, अनुभव लागतो, मनाला लावून घेऊ नकोस म्हणाले. चारही फेऱ्या मी खेळले, आजोबा! तेव्हा नाही लागला तो अनुभव? रडले नाही. बाहेर पडताना दार मात्र जोरात आपटलं.

तुम्ही येऊ नका. बाकावर बसलेली नात बघायला एवढ्या लांब कशाला? गुडघे सांभाळा, आणि लोभ आहे तेवढा मॅच नसली तरी ठेवा.

ऋतिका


लांजा, ५ मार्च

चि. ऋतिका हिस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. या पत्रात शिव्या यायला नकोत म्हणून मध्येच उठून विहिरीवर जाऊन आलो.

ऐक बाय. माझ्या विशीतली गोष्ट. शिमग्याची पालखी आम्ही पोरांनी अनवाणी घाटी चढून वर आणायची, आणि सहाणेवर, म्हणजे देवाच्या चौथऱ्यावर, टेकवायची वेळ आली की मानकऱ्यांनी धुतली धोतरं नेसून पुढे व्हायचं नि खांदा मागायचा. एका साली मी सोडलाच नाही. हात ओढले, बापाचं नाव काढलं. देव सहाणेवर बसवूनच बाजूला झालो. पाच नारळ दंड झाला, ठेवले देवापुढे. पुढल्या साली मागायला कोणी आलं नाही.

टीम सरांनी ठरवायची, ते तुझ्या हातात नाही. पण तोंड आहे ना? मुकाट्याने मान हलवू नकोस. सगळ्यांसमोर सांग की हे चूक आहे. मग बाकावर बस, पण ताठ बस.

मी येतोय. येऊ नका म्हणणारी तू कोण?

तुझा,
गंगाराम आजोबा


मडगाव, १९ मार्च

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

दुसऱ्या दिवशी दारात पालखी यायची म्हणून तुम्ही लगेच निघालात, गर्दीत भेटही झाली नाही. म्हणून लिहिते.

मॅचच्या आधी सरांनी टीम वाचली, तेव्हा उभी राहून बोलले. निर्णय मानते, पण तो चूक आहे. पुढच्या वर्षी एक नंबरसाठी पहिल्या दिवसापासून झुंजायला मिळणार असेल तर क्लबात राहीन, नुसती कपापुरती राहणार नाही. सर लालबुंद झाले. वेदिका बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, ऋतिका बरोबर बोलते आहे. सर उत्तर देणार आहेत पंधरा दिवसांत.

जादा वेळेत १-० ने कप जिंकलो. वेदिका सुरेख खेळली, खोटं कशाला बोलू? पदक गळ्यात पडलं आणि तरी आतून जळत होते.

आणि तुम्ही काय हो चालवलं होतंत? आमच्या बाकाच्या मागे एकशेवीस मिनिटं उभे! मी हातांनी खुणा करून थकले, बाबा शर्ट ओढत होते. मागचे लोक काय काय बोलत होते! एकाने तर बाटली फेकली. तुम्हाला ऐकू येत नाही ते त्या दिवशी बरं झालं. पण का उभे राहिलात?

रागावलेय, तरी माया आहेच, तुमचीही राहू द्या.

ऋतिका


लांजा, २४ मार्च

चि. ऋतिका हिस पोटभर आशीर्वाद.

गुडघे सुजलेत, तेल चोळणं चालू आहे. सुजय माझ्याशी बोलत नाही.

का उभा राहिलो? तू बसली होतीस म्हणून. जिने चार फेऱ्या गोल राखला तिला बसवलेलं, आणि मी खुर्चीत पाय पसरून मॅच बघू? आपल्या घरातलं एक माणूस तरी तिथे उभं असायला हवं होतं.

आणि तुझी एक चूक सुधारतो. त्या दिवशी यंत्र कानात होतं. खेळाडूंची नावं पुकारतात, त्यात तुझं कानावर पडेल म्हणून कपाटातून काढून नेलं होतं. बदली खेळाडूंमध्ये, सगळ्यात शेवटी, एकदाच पुकारलं. नंतर मागच्यांचं सगळं ऐकलं, शब्द न शब्द. बाटलीवाल्याचंसुद्धा. तरी बसलो नाही.

यंत्र अजून काढलेलं नाही. सर काय म्हणतात ते कळलं की पाकीट आणत बसू नकोस. फोन कर.

तुझा आजोबा,
गंगाराम